अचानक उल्का दिसली आणि व्हिडिओत पण आली, आता पुढे काय करू? मदत हवी आहे

काल रात्रीपासून डोक्यात दुसरं काही नाहीये म्हणून लगेच लिहितोय. १२ नोव्हेंबरची रात्र, गच्चीवर भाचीला मृग नक्षत्र दाखवत होतो, तिला व्याधाची आणि हरणाची गोष्ट पाठ आहे पण आकाशात कधी ओळखता आलं नव्हतं, म्हणून फोन ट्रायपॉडला लावून व्हिडिओ चालू ठेवला की नंतर स्क्रीनवर बोट ठेवून समजावता येईल. ११ वाजून ४७ मिनिटं. ती बाणाचे तीन तारे मोजत होती, "एक, दोन" आणि तेवढ्यात बाणाच्या जरा वरून हिरवट उजेड निघाला तो सरळ व्याधाकडे खाली गेला, शेवटी नारिंगी झाला, दोन तुकडे झाले आणि पाण्याच्या टाकीमागे गायब. मी वर बघत होतो, भाची मात्र खाली बघत ओरडली, कारण कठड्याच्या गजांची सावली फरशीवरून सर्रकन फिरली. ते व्हिडिओत नाहीये पण तिचा आवाज आहे, "मामा, सावली पळाली!"

फ्रेम मोजल्या, ३० च्या स्पीडला ६५ भरल्या म्हणजे दोन सेकंदांच्या थोडं वर. व्याध आणि बाणाचे तारे बारीक ठिपक्यांसारखे दिसतायत. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर एक म्हणतो उपग्रहाचा तुकडा, दुसरा म्हणतो एडिट केलाय, आणि ग्रुपवर गेलेली कॉपी इतकी धूसर झालीये की माझाच व्हिडिओ मला ओळखू येईना. ओरिजिनल फाईल फोनमध्ये आहे, लॅपटॉपवर पण घेतलीये.

मला विचारायचंय की ही नक्की उल्काच ना, एवढ्या व्हिडिओवरून वेग किंवा उंची काढता येते का, आणि हे कळवायचं कुठे? आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिलीये, मी आनंदात रेकॉर्डिंग लगेच बंद केलं आणि नंतर काही मिनिटांनी लांब गडगडल्यासारखं वाटलं, घड्याळ बघितलं नाही. त्याचा संबंध असू शकतो का?

प्रतिसाद:

उल्काच वाटतेय. शुक्रापेक्षा जास्त तेजस्वी असली की अग्निगोल म्हणतात, आणि सावली पडली म्हणजे तुमची त्याच्याही पुढची. उपग्रहाचा तुकडा सेकंदाला साधारण ७-८ किमीने येतो, आडवा सरकत जातो आणि अर्धा मिनिट किंवा जास्त दिसत राहतो, दोन सेकंदात संपत नाही. हिरव्या रंगाने गोंधळू नका, उल्केतलं मॅग्नेशियम पण हिरवं चमकतं. आता तुमची रेघ उलटी मागे वाढवून बघा, रोहिणीवरून कृत्तिकांकडे जाते का? जात असेल तर वृषभ राशीतून येणाऱ्या टॉरिड्सपैकी असू शकते, त्या याच दिवसांत असतात, एन्के धूमकेतूचा माल, सेकंदाला साधारण २८ किमी, म्हणजे उल्कांमध्ये संथच. त्या ठिसूळ असतात त्यामुळे दगड शोधायला निघू नका.

आवाजाचं म्हणाल तर किलोमीटरला तीन सेकंद धरा, ८० किमीवरून यायला चार मिनिटं लागतात, त्यामुळे उशिरा येणं बरोबर आहे, पण वेळ नोंदलेली नसेल तर खात्रीने काही सांगता येणार नाही. पुढच्या वेळी रेकॉर्डिंग दहा मिनिटं चालूच ठेवा.

उंचीसाठी मात्र एकट्या व्हिडिओने भागत नाही, त्यातून फक्त दिशा कळते. लांबून कुणीतरी दुसऱ्या कोनातून टिपलेलं हवं. ९ ऑक्टोबर १९९२ ला अमेरिकेत पीकस्किलची उल्का पडली तेव्हा लोक शाळांच्या फुटबॉल मॅचेसचं शूटिंग करत होते, अशा डझनभराहून जास्त व्हिडिओंवरून तिची सूर्याभोवतीची कक्षा काढता आली. इंटरनॅशनल मीटिअर ऑर्गनायझेशनचा अग्निगोलासाठी ऑनलाईन फॉर्म आहे, तो आजच भरा, आठवण ताजी आहे तोवर. आणि आज रात्री त्याच जागी फोन लावून ताऱ्यांचा फोटो काढा, पण चार मिनिटं आधी, कारण तारे रोज तेवढे लवकर येतात. टाकी आणि तारे एका फोटोत आले की मोजमाप पक्कं होतं.

धागाकर्ता:

रेघ वाढवली, थेट कृत्तिकांच्या जवळून जाते!! खूप खूप आभार. ट्रायपॉडच्या पायांचे गोल धुळीत उमटलेलेच होते, भाचीने त्यांच्याभोवती खडू फिरवून ठेवला, ११:४३ ला फोटो काढला, बाण आणि व्याध दोन्ही टाकीजवळ अगदी तिथेच. फॉर्म पण भरला, उजेड आग्नेयेला होता हे लिहिलं. आता दुसऱ्या कोनाचा व्हिडिओ तेवढा हवाय. त्या रात्री ११:४७ चं गेटवरच्या सीसीटीव्हीचं किंवा गाडीच्या डॅशकॅमचं फुटेज कुणाकडे असेल तर प्लीज बघा, उल्का दिसली नसली तरी सावल्या फिरताना दिसल्या तर तेही चालेल, पण लवकर, सीसीटीव्हीचं जुनं फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.