सोयाबीनची गंजी आतून गरम लागतेय, काय करू?

मंडळी, मदत हवी आहे. कळमेश्वरजवळ आमची घरची थोडी शेती आहे. नोकरी नागपुरात, म्हणून कामं शनिवार-रविवारीच. सोयाबीन सवंगून (कापून) गंजी लावली, वर ताडपत्री टाकली. आज हात घातला तर आत गरम, खालच्या शेंगा दमट, कुबट वास येतोय. शेजारचे काका म्हणतात, लगेच थ्रेशर (मळणी यंत्र) लाव. पण ओल्या मळणीत दाणा चेंगरतो, आणि हमीभाव खरेदीला ओलावा साधारण 12 टक्क्यांच्या आत लागतो. शिवाय घरचं बियाणं ठेवायचंय. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल फार नाजूक, उगवण गेली तर पुढचा हंगामच अडचणीत. गंजी मोडून ऊन देऊ, की मळून दाणे वाळवू? बियाण्यासाठी मळताना थ्रेशरच्या ड्रमचे मिनिटाला फेरे किती ठेवता? मजूर कापूस वेचणीला गेलेत, अंबिया बहाराची संत्री तोडायला आलीत. उद्याच ठरवायचंय, कृपया अनुभव सांगा.