मदत हवी आहे: कॉमन संडास, ॲसिड आणि माझा खोकला

आम्ही लालबागला चाळीत राहतो. दुसरा मजला, अठरा खोल्या, गॅलरीच्या टोकाला चार संडास. त्यातला एक कायमचा बंद, म्हणजे तीनच धरा. 1 जुलै 2020 ला लालबागच्या राजाच्या मंडळाने जाहीर केलं की कोरोनामुळे यंदा राजाची गणेशमूर्ती बसणार नाही, रक्तदान-प्लाझ्मा शिबिर होणार, तेव्हा पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला. आणि गेल्या आठवड्यात आमच्याच मजल्यावरचे एक काका कोरोना पॉझिटिव्ह निघाले. फवारणी झाली, मजला सील करायला बांबू लागले. टीव्हीवर दिवसभर ‘घरातच राहा’ चालू असतं. अहो, आमचं अर्धं घर गॅलरीच्या टोकाला आहे!

सासरे 71 वर्षांचे, शुगर आहे, रात्री तीनदा उठतात. मास्क लावा म्हटलं की म्हणतात, “रात्री दोनला कोण बसलंय तिथे मला द्यायला?”

आता मूळ प्रश्न. सफाईवाला गावी गेल्यापासून संडास मी आणि शेजारच्या वहिनी आळीपाळीने धुतो. मंगळवारी मी आधी ॲसिड ओतलं, तेवढ्याने समाधान होईना म्हणून वरून ब्लीचिंग पावडर टाकली आणि दार ओढून घासायला बसले. असला उग्र वास सुटला की डोळ्यांतून पाणी, घसा धरला, ठसक्यावर ठसका. बाहेर येऊन कठड्याला धरून खोकत होते, तर समोरची तीन दारं धाडधाड लागली. खोकल्यापेक्षा ते जास्त लागलं.

आज शुक्रवार. खोकला कमी आहे, पण गेलेला नाही. ताप नाही. वास येतो; हिंगाची डबी इतक्यांदा उघडून हुंगते की सासूबाईंनी विचारलं, आमटीत काही कमी पडलं का. घरी फक्त ‘ॲसिडचा वास गेला नाकात’ एवढंच सांगितलंय. पण नवरा अत्यावश्यक सेवेत, रोज लोकलने जातो. सासऱ्यांना इन्सुलिन मीच देते, हल्ली सुई टोचताना श्वास रोखून धरते.

हा त्या वासाचा खोकला की तोच? टेस्ट केली आणि पॉझिटिव्ह आले तर पुन्हा बांबू. वहिनींच्या मिस्टरांचं दुकान आत्ता कुठे उघडलंय, त्यांना काय तोंड दाखवू?

प्रतिसाद (परिचारिका आहे):
ताई, ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. त्यात तुम्ही दार बंद करून बसलात! पुन्हा कधीही दोन्ही एकत्र नको. नुसतं ब्लीचिंगचं पाणी पुरतं, रोज ताजं करा आणि दार उघडं ठेवून धुवा. धाप लागली किंवा छातीत घरघर वाटली तर आजच डॉक्टर गाठा.
तुमचा ठसका त्याच वायूचा असणार. पण ‘तो’ नाहीच, असं मी इथे बसून सांगणार नाही. मजल्यावर पेशंट आहे, नवरा लोकलने जातोय. टेस्ट कराच. मुंबईत या महिन्यापासून, म्हणजे जुलै 2020 पासून, त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. घरी येऊन स्वॅब घेतला तर 2800 च्या वर देऊ नका, तो सरकारने जून 2020 मध्ये ठरवलेला दर आहे. रिपोर्ट येईपर्यंत इन्सुलिन दुसऱ्या कोणाला तरी द्यायला लावा. ऑक्सिमीटर 94 च्या खाली गेला तर वाट बघू नका, महापालिकेच्या 1916 ला फोन लावा.

प्रतिसाद (गिरगावकर):
आमच्याकडे आजोबांसाठी कमोडची खुर्ची आणली, रात्रीपुरती, मोरीच्या बाजूला पडदा लावून. दोन दिवस रुसले, आता दिवसाही उठत नाहीत. मास्क दाराच्या कडीलाच अडकवून ठेवा, कडी काढताना हातात येतो.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. रात्री घरी सगळं सांगितलं. नवरा गप्प बसला. सासरेच म्हणाले, “सुई इकडे दे, माझी मी टोचतो. इतकी वर्षं बघतोच आहे.” खुर्चीचं मात्र नाव काढू देत नाहीत.

वहिनींनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, मंगळवारी लागलेल्या दारांत एक माझंही होतं. उद्या सकाळी नऊला स्वॅबवाला येतोय.