गॅस बंद आहे ना? आणि तिन्हीसांजेचा केर

कंदीपेढा (धागाकर्ती)

मी बँकेत हेड कॅशियर आहे. रोज संध्याकाळी स्ट्राँगरूम बंद करायला दोन चाव्या लागतात. एक माझ्याकडे, एक ऑफिसरसाहेबांकडे. दोघांनी आपापली चावी फिरवायची, मी हँडल एकदा ओढून बघायचं, रजिस्टरवर दोघांच्या सह्या, की बॅग उचलून घरी. आतली रक्कम माझ्या सात पिढ्यांनी पाहिली नसेल एवढी असते. पण वाटेत मेथीची जुडी निवडताना मला तिची आठवणसुद्धा होत नाही.

घरी आले की तीच मी राहत नाही. रात्री झोपताना शेगडीची दोन्ही बटणं बंद आहेत, सिलिंडरचा रेग्युलेटर फिरवलेला आहे, हे समोर दिसत असतं. तरी हात लावून बघते. दिवा घालवते, हॉलपर्यंत येते, परत जाते. मग दाराची कडी. कडी लागलीये हे पटलं की वाटतं, कडीच्या नादात गॅस नीट पाहिला का? तीन फेऱ्या झाल्या की सुटले. दोनवर मन लागत नाही आणि चुकून चौथी झाली तर सहापर्यंत न्यावं लागतं. हसू नका.

आता सासूबाईंचं ऐका. दिवे लागल्यावर केर काढायचा नाही. काढावाच लागला तर बाहेर टाकायचा नाही, कोपऱ्यात लावून ठेवायचा. मीठ कुणाच्या हातावर द्यायचं नाही. वाटी ओट्यावर ठेवायची, ज्याला हवंय त्याने उचलायची. रिकामी कात्री वाजवायची नाही, घरात भांडणं होतात. रात्री नखं नाहीत. शेजारी विरजण द्यायचं तर दिवस मावळायच्या आत. नातू परीक्षेला निघाला की हातावर दही-साखर, आणि तो उंबऱ्याबाहेर पडल्यावर मागून हाक मारायची नाही, मग हॉल तिकीट घरी राहिलं तरी चालेल. (राहिलं होतं. त्या स्वतः चप्पल न घालता त्याच्या पुढे धावत गेल्या, पण हाक मारली नाही.)

मी या सगळ्याला हसते. गेल्या आठवड्यात म्हटलं, "आई, आता ट्यूबलाइट आहे. केरात कानातलं गेलं तरी दिसतं." त्या दिवाणावर वाती वळत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझं एकदा केलं की संपतं गं. केर कोपऱ्यात लावला, झोपले. तुझं संपतं का?"

मला उत्तर सुचलं नाही. त्यांचं ते अंधश्रद्धा आणि माझं ते काळजी, असं मी धरून चालले होते. तुम्हाला काय वाटतं? आणि तुमच्याकडे असलं काय काय चालतं? पूजापाठ आणि बुवाबाजी नको, घरगुती चाळे सांगा.

---

चहाबाज

ताई, मी तुमच्या पुढे गेलोय. गॅसच्या बटणाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला लागलो, म्हणजे ऑफिसात शंका आली की बघता येईल. आता गॅलरीत लग्नाचे फोटो कमी आणि बटणं जास्त. आणि फोटो उघडला की पुढची शंका: हा आजचाच ना?

---

मधली_फळी

आमच्या घरी शकुन-अपशकुन फक्त क्रिकेटचे. बाकी सगळे नास्तिक.

2 एप्रिल 2011, वानखेडेवर फायनल. समोर श्रीलंका, 275 करायच्या. एप्रिल म्हणजे आमच्याकडे वर्षाचे गहू भरायचा महिना, तेव्हा आई हॉलमध्येच ताटात गहू निवडत बसलेली. तिला मॅचशी काही देणंघेणं नाही. दुसऱ्याच चेंडूवर सेहवाग गेला तेव्हा ती पाणी प्यायला उठली होती. कुणी काही बोललं नाही. मग सचिन 18 वर गेला, 2 बाद 31, आणि नेमकं तेव्हाही तिचं ताट रिकामं होतं, पोत्यातून नवे गहू काढायला वाकली होती. झालं. काकांनी फर्मान काढलं, वहिनी, हात थांबवायचा नाही.

गंभीर आणि कोहली खेळत होते तोवर ठीक होतं. पुढे धोनी जमला आणि इकडे गहू संपले. काकांनी निवडलेल्या डब्यातलेच गहू परत ताटात ओतले. आई म्हणाली, अहो हे निवडलेत! काका म्हणाले, पुन्हा निवडा. तिने खरंच निवडले, खडा नसलेले गहू, धोनीचा सिक्स लाँग ऑनवरून जाईपर्यंत. वडील दाराच्या चौकटीत एका पायावर भार देऊन उभे होते ते वेगळंच, त्यांना बसायची परवानगी नव्हती.

आणि हे आपल्यातच आहे असं नाही. इंग्लंडचे पंच डेव्हिड शेफर्ड आठवतात? धावफलकावर 111 लागले की ते एक पाय उचलून टुणकन उड्या मारायचे. तिकडे त्या आकड्याला नेल्सन म्हणतात आणि तो वाईट समजतात. ऑस्ट्रेलियावाल्यांचा वाईट आकडा 87, कारण शंभराला 13 कमी.

---

तागडी

आमचं किराणा दुकान, आजोबांपासूनचं. आता मी आणि वडील बसतो. दुकानात भवानीशिवाय पान हलत नाही. सकाळची पहिली विक्री उधार नाही म्हणजे नाही, गिऱ्हाईक कितीही घरचं असो. पहिली नोट आली की वडील ती तागडीला लावतात, कपाळाला लावतात, मग गल्ल्यात. पहिल्या गिऱ्हाइकाला "नाही" म्हणायचं नाही, माल नसला तरी दुसरं काहीतरी हातात द्यायचं. भाव करत बसलं तर दोन रुपये सोडून द्यायचे पण त्याला रिकामं जाऊ द्यायचं नाही. दर शनिवारी सकाळी एक मुलगा लिंबू-मिरची घेऊन येतो. तारेत ओवलेला कोळसा, लिंबू, वर मिरच्या. जुनी काढायची, नवी लावायची, पैसे द्यायचे. पावसाळ्यात ती आठवड्याच्या आत कुजते आणि खाली डाळीच्या पोत्यावर पाणी ठिबकतं. ते चालतं.

संध्याकाळी दिवाबत्तीनंतर सुई मागायला कुणी आलं तर वडील सरळ सांगतात, संपली. समोर पाकीट लटकत असतं.

खरी पंचाईत झाली ती क्यूआर कोड आल्यावर. पहिलं गिऱ्हाईक आलं, बिस्किटचा पुडा घेतला, मोबाइल दाखवला आणि गेलं. डबीतून आवाज आला, अमुक रुपये मिळाले. वडिलांच्या हातात काहीच नाही! तागडीला काय लावणार? दोन दिवस त्यांचं धंद्यात लक्ष नव्हतं. मी म्हटलं, पैसे खात्यात आलेत, तीच भवानी. त्यांना पटेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच तोड काढली. डबी बोलली की तिलाच उजवा हात लावतात आणि तो हात कपाळाला. आता तिच्यावर हळदीकुंकवाचं बोटही लागलंय. कंपनीचा माणूस डबी बदलायला आला तेव्हा त्याने विचारलं, स्पीकरमध्ये कुंकू कसं गेलं?

मी स्वतः यातलं काही मानत नाही. पण वडील गावाला गेले आणि मी एकटा गल्ल्यावर असलो की माझाही हात डबीकडे जातो. त्यांना चालणार नाही म्हणून असेल, का आणखी कशाने, मी खोलात जात नाही.

---

रोखठोक

दाभोलकरांच्या महाराष्ट्रात हे वाचावं लागतंय. 2013 साली त्यांचा खून झाला, त्याच साली जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि आपण इथे स्पीकरला कुंकू लावतोय. दही-साखर, लिंबू-मिरची ही पहिली पायरी असते. बुवा वरच्या पायरीवर बसलेला असतो.

---

कंदीपेढा

रोखठोक, तुमचा राग कळतो, आणि बुवा नको हे मी धाग्यातच लिहिलंय. पण त्या कायद्याच्या अनुसूचीत 12 बाबी आहेत त्या वाचा. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, अघोरी कृत्यांनी जीव धोक्यात घालणं, दैवी शक्तीच्या नावावर फसवणं, असलं आहे त्यात. सासूबाईंचा कोपऱ्यातला केर कुणाला फसवत नाही. तागडीच्या वडिलांनाही सोडा हो, सुई सकाळी मिळते.

---

तिसरा_कप्पा

मी मानसशास्त्र शिकवते, उपचार करत नाही, तेव्हा हे तेवढ्याच बेताने घ्या.

कंदीपेढा, तुमच्या गॅसवर एक प्रयोगच झालेला आहे. नेदरलँड्समधले मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी तो 2003 साली प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक गॅसची शेगडी दिली: बर्नर लावा, बंद करा, बंद झाला का तपासा. एका गटाने हे पुन्हा पुन्हा केलं. दुसऱ्या गटाने मधल्या वेळात दिवे तपासले, गॅस फक्त सुरुवातीला आणि शेवटी. मग दोघांना विचारलं, शेवटच्या वेळी कोणकोणते बर्नर तपासलेत? उत्तरं दोन्ही गटांची सारखीच बरोबर. पण ज्यांनी गॅस सारखा तपासला होता त्यांना ते चित्र अंधुक वाटत होतं आणि आपल्याच आठवणीवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. म्हणजे शंका आहे म्हणून तुम्ही जाता हे अर्धंच झालं. गेल्यामुळे ती वाढते. चहाबाजांच्या फोटोंचं तेच.

सासूबाईंनी बरोबर जागी बोट ठेवलंय. केराच्या नियमाला शेवट आहे, तो पाळला की मनाला पूर्णविराम मिळतो. तपासण्याला शेवट नसतो, कारण "पक्कं वाटणं" हीच त्याची अट असते आणि ते वाटणं दर फेरीला पातळ होत जातं. बँकेत तुम्हाला शंका येत नाही याचं मला नवल नाही. तिथे दुसरा माणूस आहे, सही आहे, आणि एकदा झाल्यावर परत उघडून बघायची सोयच नाही.

गव्हाबद्दल: स्किनर यांनी 1948 साली भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे टाकले, कबुतर काहीही करो. तरी त्यातली बहुतेक कबुतरं आपापला एक चाळा धरून बसली. एक गोल गोल फिरायचं, एक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात मान खुपसायचं, जणू त्यानेच दाणे येतात. पुढच्या संशोधकांनी या अर्थाला बरेच फाटे फोडलेत, तरी काकांना दाखवायला हरकत नाही.

आता गंभीर भाग. रोज तासाभराहून जास्त वेळ यात जायला लागला, झोप किंवा कामावर जाणं अडायला लागलं, किंवा आकडा चुकला म्हणून घाबरायला व्हायला लागलं, तर त्याला चाळा म्हणत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ओसीडीवर, म्हणजे शंका आणि तपासणं हाताबाहेर जाण्याच्या या आजारावर, चांगले उपचार आहेत. त्यात माणसाला शंका येऊ द्यायला आणि तरीही न उठायला शिकवतात. घरच्यांनी "हो गं, बंद आहे" असं दहादा सांगणं उलट त्रास वाढवतं, हेही लक्षात असू द्या.

---

दौंड_मनमाड

लोको पायलट म्हणून निवृत्त. दुसरा माणूस म्हणालात म्हणून लिहितो. इंजिनात आम्ही दोघं असतो. सिग्नल दिसला की असिस्टंट हात करून मोठ्याने रंग सांगतो, मी तोच रंग मोठ्याने परत सांगतो. मनातल्या मनात नाही, तोंडाने. रात्री तीनला, झोपेच्या ऐन वेळेलासुद्धा. नवीन पोरांना पहिल्यांदा लाज वाटते, मग सवय होते. पुढे गेल्यावर "मघाचा हिरवाच होता ना" असा प्रश्न मला कधी पडला नाही. गाडी काही मागे घेऊन बघता येत नाही.

घरी मी कुलूप लावताना मोठ्याने म्हणतो, "लागलं." एकदाच. बायको म्हणते, कुणाला सांगताय? (दसऱ्याला शेडमध्ये इंजिनाला हार आणि चाकाखाली लिंबू असायचं. तेही सांगून टाकतो, रोखठोक साहेबांनी हलकेच घ्यावं.)

---

तिसरा_कप्पा

हे छान आहे. फक्त "एकदाच" हे त्यातलं औषध आहे. तीनदा "लागलं" म्हणायला लागलात तर तोच खेळ पुन्हा सुरू.

---

कंदीपेढा

सगळ्यांचे आभार. माझा तासभर जात नाही, पण आकडा चुकला की छातीत धडधडतं, ते नीट सांगून टाकते. पुढच्या महिन्यात सुट्टी टाकून डॉक्टरांना भेटणार आहे. तोवर सासूबाईंशी करार झालाय. गॅस त्या बंद करणार, मी एकदा बघून "बंद" म्हणणार, त्या दिवाणावरून "बंद" म्हणणार, आणि त्यानंतर मी उठले तर त्यांनी "हो, आहे बंद" असं म्हणायचं नाही, गप्प बसायचं. काल मी उठले तेव्हा त्या गप्प बसल्या, पण इतक्या जोरात गप्प बसल्या की मी परत आडवी झाले.

धागा त्यांना वाचून दाखवला. स्पीकरचं कुंकू त्यांना अगदी योग्य वाटलं. कबुतरांचं पटलं नाही. आणि मधली_फळी, त्यांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय, ते गहू लोकवन होते का सिहोर?

---

मधली_फळी

आईला फोन करून विचारलं. लोकवन. आणि म्हणाली, दोनदा निवडलेले म्हणून त्या वर्षी एका पोळीतसुद्धा दाताखाली काही आलं नाही.