शिबिराची दुपार: बारा ते चार भरायची की मोकळी सोडायची?

पेठकर

राम राम मंडळी. कोल्हापुरातल्या आमच्या तालीम मंडळाचं मुलांचं उन्हाळी शिबिर यंदाही होणार. गेल्या वर्षी पहिलंच होतं. सात ते तेरा वयाची ४२ पोरं, बारा दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. परीक्षा आता एप्रिल संपत आला तरी चालतात, म्हणून एप्रिलचा नाद सोडला. ६ मे, शाहू महाराजांचा स्मृतिदिन, त्या दिवशी महाराजांना वंदन करून सुरुवात करायची, इथपर्यंत एकमत आहे. पुढं नाही.

भांडण दुपारवरनं आहे. समितीतले निम्मे म्हणतात, बारा ते चार रोबोटिक्स, अबॅकस, सुलेखन आणि इंग्रजी संभाषण लावा, शिकवणारे तयार आहेत. माझं म्हणणं, जेवणं उरकली की चारपर्यंत काहीही लावू नका. सावलीत सोडा पोरांना.

गेल्या वर्षी आम्हीही पत्रक छापलं होतं, दिवसाला नऊ तासिका. पाचव्या दिवशी दीडला लाईट गेली. हॉलवर पत्रा, पंखे बंद, रोबोटिक्सच्या सरांचा लॅपटॉप वीस मिनिटांत झोपला आणि सरही घरी गेले. पोरं उचलली आणि शेजारच्या तालमीत नेऊन बसवली. जुनं दगडी बांधकाम, दोन हात जाड भिंती, वाकून आत शिरायचं दार. आत मे महिना कळत नाही. कुणीतरी फळीवरनं चिंचोक्यांचा डबा काढला. एकानं चिंचोका फरशीवर खसाखसा घासला आणि शेजारच्याच्या दंडाला टेकवला. चटका! पाच मिनिटांत सगळी फौज फरशी घासायला बसली. घासता घासता चिंचोका एका अंगानं पांढरा पडतो, तेव्हा हे फासे झाले की, असं एकाच्या डोक्यात आलं. सातवीतल्या एका पोरीनं कोळशानं पट आखला. मग नियमांवरनं अर्धा तास भांडण आणि मग खेळ. चार वाजता मी शिट्टी मारली तर कुणी उठेना. बारा दिवसांत शिट्टी वाजल्यावर पोरं न उठण्याचा प्रकार एवढा एकदाच झाला.

बोला आता.

शाहूपुरीतली आई

तो चटका लिहिताना तुम्हाला मजा वाटली असेल. तो माझ्या लेकीच्या दंडावर होता. चार दिवस डाग होता आणि घरी सासूबाईंनी मला विचारलं, पैसे भरून पोरीला डागण्या द्यायला पाठवलीस काय?

आता मुद्द्याचं. मी साडेनऊला बँकेत जातो, नवरा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत. (हो, बाईच आहे मी. कोल्हापुरात आम्ही ‘जातो’च म्हणतो, पुण्याच्या मंडळींनी दुरुस्ती करू नये.) मोकळी दुपार माझ्या घरी फुकट मिळते, टीव्ही आणि मोबाईलसकट. फी मी देतो ती तिथं काहीतरी होईल म्हणून. सुलेखन आलं तर आलं, नाही तर निदान दुपारी कुणीतरी मोठं माणूस समोर उभं असेल. तुमचं ‘सोडा पोरांना’ वाचूनच माझ्या पोटात गोळा आला.

वस्तादांचा नातू

वहिनी, चिंचोक्याच्या चटक्यानं कुणी मेलेलं नाही. आम्ही तर एकमेकांना वर्गात द्यायचो. नाद खुळा आयडिया आहे पेठकर. पोरांना तालीमच द्या. सकाळी कुस्तीच्या हौदाची माती खोऱ्यानं उकरायला लावा, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू कसं पडतं ते दाखवा. संध्याकाळी ऊन उतरलं की लाठी, दांडपट्टा, फरी-गदगा. मर्दानी खेळाला कोल्हापुरात माणसं शोधायला लागत नाहीत, पेठेपेठेत शिकवणारे आहेत. रोबोट पुण्यात करतील.

शाहूपुरीतली आई

आणि पोरी? ४२ मधल्या १९ पोरी होत्या. त्यांना हौदात उतरू देणार का, की काठावर बसून लिंबं चिरायला लावणार? हे आधी सांगा, मग नाद खुळा.

वस्तादांचा नातू

आमच्या तालमीत अजून तशी पद्धत नाही, खोटं कशाला बोलू. पण पैलवान रेश्मा माने याच जिल्ह्यातली आहे आणि देशासाठी खेळली आहे, एवढं आम्हालाही कळतं. मी चुलत्यांना विचारून सांगतो.

निवृत्त हेडमास्तर

पस्तीस वर्षं शाळा केली, म्हणून थोडं स्पष्ट. मोकळ्या वेळेचा मी विरोधक नाही, पण पेठकर, तुम्ही एक चांगली दुपार सांगितलीत. तशा बारा दुपारी सलग लागल्या की काय होतं ते मी सांगतो. तिसऱ्या दिवशी तेरा वर्षांचे तिघे मिळून सात वर्षांच्याला पिदवतात. चौथ्या दिवशी एकाचं कुणाशी जमत नाही, तो भिंतीला टेकून चार तास बसतो आणि घरी जाऊन ‘उद्या जाणार नाही’ म्हणतो. तासिका असली की निदान त्याला बसायला एक जागा असते. मोकळ्या वेळेत ज्याला मित्र नाही त्याचे हाल असतात, आणि असा पोरगा प्रत्येक शिबिरात असतो.

दुसरं, तालमीत दुपारी कोण कोण येऊन झोपतं? बाहेरचा माणूस पोरांच्या खोलीत नको, मग तो कितीही जुना पैलवान असो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. नुसती शंका आली तरी पोलिसांना कळवणं त्यानुसार बंधनकारक आहे. ‘आपलाच माणूस आहे, मिटवून टाकू’ हे चालत नाही. शिकवणाऱ्यांची, आचाऱ्याची, रिक्षावाल्याची पोलीस पडताळणी आत्ताच, मार्चमध्ये करून घ्या. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. गेल्या वर्षी हे केलं होतं का?

पेठकर

पडताळणी केली नव्हती. कबूल. यंदा अर्ज देतो.

टेबलामागचा डॉक्टर

दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतायत. पत्र्याखाली दुपारी दोनला तुम्ही रोबोटिक्स घ्या नाहीतर चिंचोके घासा, पोर तापणारच. कोल्हापूरचा उन्हाळा विदर्भासारखा नाही म्हणून आपण गाफील असतो, पण वळवाआधीची दमट उकाड्याची दुपार पोरांना जास्त छळते, घाम वाळतच नाही. आधी हॉल बदला, मग वेळापत्रकावर भांडा. ती तालीम चांगली असेल तर तीच घ्या.

तहान लागल्यावर पाणी, हे पोरांच्या बाबतीत चालत नाही. खेळताना दर वीस मिनिटांनी शिट्टी, सगळ्यांनी घोट घ्यायचे. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय, हे आठ वर्षांच्या पोरालाही शिकवता येतं आणि त्यांना ते सांगायला फार आवडतं. ओआरएसची पाकिटं ठेवाच. नसली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं नको, जास्त पडलं तर उलटा त्रास. पोर बरळायला लागलं, अंग भाजल्यासारखं तापलं, तर सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. घरोघरी हीच चूक होते.

आणि हेडमास्तर, जेवणानंतर तासभर तरी झोपू द्या की. सात वर्षांचं पोर दीड वाजता डोळे चोळत ‘हाऊ आर यू’ म्हणतं, ते बघवत नाही.

क्लासवाला

मी त्या ‘तयार असलेल्या शिकवणाऱ्यां’पैकी एक, त्यामुळं माझा स्वार्थ धरूनच वाचा. दहा वर्षं शिबिरांत शिकवतोय. दुपार मोकळी ठेवा म्हणणारे पालक मला दरवर्षी भेटतात. समारोपाला हेच पालक पहिल्या रांगेत मोबाईल वर धरून बसतात आणि विचारतात, आमच्यानं काय केलं? चिंचोक्यांचा पट स्टेजवर मांडणार आहात काय? फी घेतली की दाखवायला काहीतरी लागतं. मंडळाला पुढच्या वर्षी पोरं हवीत, तर फाईलमध्ये चार चित्रं आणि हातात एक प्रमाणपत्र द्यावंच लागतं.

पेठकर

हे बाकी खरं बोललात. गेल्या वर्षी बारातले शेवटचे तीन दिवस नाचाच्या तालमीत गेले. म्हणजे ती तालीम नव्हे, रिहर्सल. दोन पोरं रडली, एकाला ताप आला. यंदा समारोप नको असा माझा आग्रह आहे. शेवटच्या दिवशी पालकांनी दुपारी तीनला यावं, पोरं जे करत असतील ते बघावं आणि घेऊन जावं.

क्लासवाला

येणार नाहीत. तीनला कुणाला सुट्टी असते?

शाहूपुरीतली आई

बघा, हे बरोबर बोलले.

कळंब्याचा

पोहायला न्या की दुपारी. कळंबा तलाव जवळ आहे, आम्ही सगळे तिथंच शिकलो.

टेबलामागचा डॉक्टर

नको. उघडं पाणी, तळाचा अंदाज नाही, ४२ पोरं. दर मे महिन्यात विहिरीच्या आणि नदीच्या बातम्या वाचतो आपण. शिकवायचंच तर जीवरक्षक असलेल्या तलावात सकाळी, गट करून, आणि पालकांची लेखी संमती घेऊन.

निवृत्त हेडमास्तर

शिकवण्याबद्दल म्हणाल तर सकाळचे चार तास पुरेसे आहेत. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली एक छोटी कांस्यमूर्ती आहे, पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेच्या काठावर हा समुद्राचा देव आला कसा, एवढं विचारा आणि गप्प बसा. सातवाहन काळात रोमशी व्यापार होता, इथवर पोरं स्वतःच येतात. मी नेलेल्या एका वर्गातला पोरगा म्हणाला होता, ‘गुळाच्या बदल्यात दिला असेल.’ चूक असेल, पण विचार चालू होता ना. त्यासाठी दुपारची इंग्रजी संभाषणाची तासिका लागत नाही.

माझा विरोध मोकळ्या वेळेला नाही, बिननजरेच्या वेळेला आहे. आठ पोरांमागे एक मोठं माणूस बसवा, मोबाईल बाजूला ठेवून. ते माणूस मिळत असेल तर मी माझा शब्द मागे घेतो. बहुतेक ठिकाणी मिळत नाही, म्हणून तासिका लावतात. तासिका म्हणजे स्वस्तातली राखण, एवढंच.

पेठकर

सर, हे समितीपुढं वाचून दाखवतो. ४२ ला सहा माणसं लागतील. आमच्याकडं कॉलेजची चार पोरं आहेत, त्यातली दोन मुली. दोघं कमी पडतायत.

तोवर माझा नवा आराखडा. साडेबाराला जेवण, दीड ते अडीच पडायचं, झोप आली नाही तरी आडवं व्हायचं. अडीच ते चार मोकळं, तालमीत. पट, चिंचोके, दोरी, जुनी वर्तमानपत्रं, खळ आणि एक टोपली पुस्तकं. ज्याला कुणाशी जमत नाही त्यानं आचाऱ्याकडं जाऊन कोकम सरबत ढवळायचं, ते काम राखून ठेवणार. मे महिन्यात चारच्या सुमाराला वळीव येतो, त्यामुळं मैदान पाचच्या आत धरायचंच नाही. ढग गडगडला की सगळे आत, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही, आणि झाडाखाली थांबणं नाही. म्हणजे लाठी-दांडपट्टा पाच ते सहा. सुटायची वेळ सहा होते, तीही विचारायची आहे.

वस्तादांचा नातू

चुलते म्हणाले, हौदात पोरी आल्या तर चालतील, पण माती उकरायला पण यायचं, नुसतं फोटोला नाही. आणि दुपारी झोपायला येणारे दोघे म्हातारे पैलवान आहेत, त्यांना बारा दिवस दुसरीकडं झोपायला सांगितलंय. जरा नाराज आहेत.

शाहूपुरीतली आई

सहा वाजता सुटणार असाल तर माझी निम्मी तक्रार मिटली, बँकेतनं मी साडेपाचला निघतो. उरलेली निम्मी तशीच आहे. राखणीला दोघं कमी पडतायत म्हणता, शनिवारी मला सुट्टी असली की एक दुपार मी येऊन बसतो. लेकीचं नाव यादीत लिहा, पण फी पहिल्या आठवड्याचीच देणार. आणि तो चिंचोक्यांचा डबा माझ्याजवळ असेल.