मदत हवी आहे : अटक झालेल्या कॉलेज फुटबॉल खेळाडूला संघानं कधी बाहेर बसवावं?

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात राहतो. मुलगी कॉलेजात विद्यार्थी प्रतिनिधी आहे. फुटबॉल संघातल्या एका मुलाला अटक झाली, आणि अशा वेळी संघानं काय करावं यावर तिला मत लिहून द्यायचंय. काल ताटातली पोळी तशीच ठेवून विचारत होती, "बाबा, अटक म्हणजे गुन्हा सिद्ध नाही ना? मग कोर्टाआधी शिक्षा कशी?"

मला उत्तर देता आलं नाही. एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था, तिचा यासाठी सगळ्यांना लागू असा नियम नाही. निर्णय विद्यापीठाचा, म्हणजे बहुतेकदा कोचचाच. ज्याला शनिवारचा सामना जिंकायचाय त्यानंच न्याय करायचा, हे मला अजिबात पटत नाही. ओक्लाहोमा विद्यापीठाचा फुटबॉल खेळाडू जो मिक्सन यानं २०१४ मध्ये एका मुलीच्या तोंडावर ठोसा मारला, तिच्या चेहऱ्याची हाडं मोडली. तो एक हंगाम बाहेर होता, २०१५ मध्ये परत मैदानात. त्या मुलीला काय वाटलं असेल?

भरधाव गाडी चालवण्याचे गुन्हेही किरकोळ नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये इथेच जॉर्जियातल्या अथेन्सला, जॉर्जिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या विजयोत्सवानंतर काही तासांत, भरधाव गाडीच्या अपघातात एक खेळाडू आणि संघाची एक कर्मचारी गेली. त्यानंतरही खेळाडूंना वेगासाठी अटक होतच राहिली.

आरोपपत्र आलं की खेळ थांबवावा, पण शिष्यवृत्ती आणि वर्ग चालू ठेवावेत, असं मला वाटतं. कुणी वकील, प्राध्यापक किंवा खेळाडूंचे आईवडील आहात का? निर्णय कोचऐवजी कुणाकडे असावा? रविवारपर्यंत सांगितलंत तर तिला फार उपयोग होईल.