चिंता करणे, काळजी घेणे आणि 'चित्तसमाधान'

(बोलणाऱ्यांची नावं म्हणजे त्यांचे मुंबईतले भाग.)

वांद्रे: मराठी प्रार्थनासभेच्या पत्रकासाठी फिलिप्पैकरांस पत्र ४:६ (बायबलच्या नव्या करारातलं पौलाचं पत्र, अध्याय ४, वचन ६) सोप्या भाषेत मांडायचंय. पवित्र शास्त्रात 'चिंताक्रांत होऊ नका' आहे, आणि पुढे प्रार्थना व विनंती करून, आभार मानत, आपली मागणी देवाला कळवा असं. 'काळजी करू नका' चालेल का? आणि समाधान व संतोष यांत फरक काय?

भायखळा: चालेल, पण क्रियापद सांभाळा. काळजी करणं म्हणजे जिवाला घोर लावून घेणं. काळजी घेणं म्हणजे जपणं. १ पेत्र ५:७ मध्ये जोडी शेजारी-शेजारीच आहे: चिंता देवावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. ग्रीकमध्येही तिथे 'मेरिम्ना' आणि 'मेलेइ' असे दोन शब्द आहेत. गंमत अशी, की ४:६ मध्ये पौल ज्या क्रियापदाने मनाई करतो, त्याच क्रियापदाने २:२० मध्ये आपला सहकारी तीमथ्य याची तारीफ करतो, की तुमची खरी काळजी वाहणारा असा दुसरा नाही. त्यामुळे ४:६ चा अर्थ 'बेफिकीर राहा' असा लावणारे चुकतात.

वांद्रे: पत्रकात उदाहरण लागेल, मुंबईचंच.

भायखळा: ११ महिन्यांचा भाडेकरार संपत आलाय. दलालाला फोन, डिपॉझिटची जुळवाजुळव, कागदपत्रं, ही काळजी घेणं. रात्री दोनला 'मालक नाही म्हणाला तर' हेच उगाळत बसणं, ही चिंता. पहिलीतली कामं कागदावर उतरवा, उरेल ते प्रार्थनेत न्या. तिथेही वचनातले शब्द नुसती पुनरुक्ती नाहीत: प्रार्थना, विनंती, आभार, मागणी. विनंतीसाठीचा 'देइसिस' हा शब्द नेमक्या गरजेचा आहे. 'सगळं नीट होऊ दे' असं मोघम नको, 'महिनाअखेरीपर्यंत राहायला जागा हवी' असं म्हणा. आणि आभार मागणीसोबतच, उत्तर यायच्या आधी. नवसात उलट असतं, काम झालं की फेडायचा.

माहीम: एक पुस्ती. नोव्हेनाला, म्हणजे नऊ वेळा करायच्या प्रार्थनेला, सर्रास नवस म्हणतात, ते टाळा. लॅटिनमधल्या 'नऊ'वरून तो शब्द आला. आमच्याकडे नऊ बुधवार. फेडाफेडीचा सौदा त्यात नाही.

भायखळा: मान्य. ४:७ गाळू नका. तिथे घर मिळेल असं वचन नाही, शांती मिळेल असं आहे. ती अंतःकरणं 'राखील' म्हणतात, पण 'फ्रूरेओ' हे शिबंदीच्या पहाऱ्याचं क्रियापद. फिलिप्पै ही रोमन वसाहत, निवृत्त सैनिकांची वस्ती. वाचणाऱ्यांना ते लगेच कळलं असणार. 'पहारा देईल' जास्त जवळचं.

गिरगाव: आता समाधान. संतोष आज बहुधा एखाद्या गोष्टीने झालेल्या आनंदासाठी वापरतात, तृप्ती जेवणानंतरची. १ तीमथ्य ६:६ मधलं 'चित्तसमाधान' उत्तम, कारण मराठी कानाला लगेच तुकोबांचं 'ठेविले अनंते तैसेचि रहावे, चित्ती असो द्यावे समाधान' आठवतं. मूळ ग्रीक शब्द 'औतार्केइया', स्तोइक या प्राचीन ग्रीक पंथाच्या तत्त्वज्ञांचा लाडका: कुणावाचून न अडणारा तो समाधानी. फिलिप्पै ४:११ मध्ये पौल त्याच कुळातला शब्द घेतो आणि ४:१३ मध्ये ('मला बळ देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो') उलटवतो, बळ देणारा दुसराच आहे असं म्हणून. हे वचन परीक्षेच्या शुभेच्छापत्रावर छापतात, पण आदल्या ओळी भूक आणि भरपूर या दोन्हींबद्दल आहेत. ४:११ मधलं 'शिकलो' हेही पाहा: समाधान अंगभूत नव्हे, सरावाचं. सुबत्तेतही ते शिकावं लागतं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

वांद्रे: 'विश्वास असेल तर चिंता होणारच नाही' अशी ओळ कुणीतरी सुचवली आहे.

भायखळा: काढा. पौल स्वतः २ करिंथ ११:२८ मध्ये ख्रिस्ती मंडळ्यांची 'मेरिम्ना', म्हणजे चिंता, रोज वाहतो असं लिहितो. शिवाय आठवडेच्या आठवडे झोप नाही, छाती धडधडते, कामाला जाणंच जमत नाही, असं असेल तर तो चिंताविकार असू शकतो, त्यासाठी डॉक्टर. त्यावर 'विश्वास कमी पडला' म्हटलं, की माणूस उपचारही टाळतो आणि सभेलाही येईनासा होतो.

वांद्रे: मग मसुदा असा: 'कशाचाही घोर लावून घेऊ नका. जे हवं ते प्रार्थनेत नेमकं सांगा, आभार मानत देवापुढे मांडा.'

गिरगाव: छान. 'कशाचाही'पुढे 'जिवाला' घाला.