मदत हवी आहे : प्रतिसरकारवरचं साहित्य हवंय, पण विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं लॉगिन मिळेना

नमस्कार मंडळी. पलूस तालुक्यातल्या एका गावात आम्ही चौघीजणी वाचनालय चालवतो. चालवतो म्हणजे संध्याकाळी साडेपाच ते आठ कुलूप उघडतो. येत्या ७ जूनला, १९४३ साली भूमिगतांनी शेणोलीला पगाराची रेल्वेगाडी अडवली त्या तारखेला, प्रतिसरकारवर, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीत क्रांतिसिंह नाना पाटील आणि साथीदारांनी आपल्या भागात इंग्रजांना डावलून चालवलेल्या सरकारवर, छोटं प्रदर्शन मांडायचं ठरलंय. भूमिगत मंडळी ज्या घरांत भाकरी खाऊन गेली ती घरं गावात अजून आहेत, सांगणारी माणसं उरली नाहीत. म्हणून कागद हवेत.

मागच्या महिन्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांचं प्रदर्शन होतं. आम्हाला कळलं शेवटच्या दिवशी, तेही भाचीच्या स्टेटसवरून. तशीच एसटी धरली. काचेच्या पेटीत त्या काळातला एक अंक होता, कडेनं कसर लागलेला. फोटो काढला. घरी येऊन बघते तर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा नेमका मथळ्यावर! 'सातारा' एवढंच वाचता येतंय.

तिथं म्हणाले, "ऑनलाइन बरंच आहे, लॉगिन करा." मी एम.ए. झाले २००९ साली. तेव्हाचा पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक, टाकला तर लाल अक्षरांत 'अवैध'.

माजी विद्यार्थ्याला लॉगिन मिळतं का? नसेल तर घरबसल्या काय वाचता येईल? आणि सापडलेलं छापून भिंतीवर लावलं तर चालतं का?

प्रतिसाद – कसर
ताई, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो म्हणून सांगतो, लॉगिनचा नाद सोडा. एन-लिस्ट काय किंवा २०२५ च्या जानेवारीपासूनची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' काय, या ऑनलाइन वाचनाच्या सरकारी योजना, ते चालू विद्यार्थी-प्राध्यापकांसाठी असतं. मिळालं तरी त्यात बहुतेक इंग्रजी संशोधनपत्रिका. प्रतिसरकार तिथं कुठून सापडणार!

तुमच्या कामाचं आहे ते शोधगंगा. पीएच.डी.चे प्रबंध, मराठीतलेसुद्धा, लॉगिनशिवाय. प्रकरणवार फाइली असतात, हवं तेवढंच उतरवा. नॅशनल डिजिटल लायब्ररीही बघा.

त्या अंकासाठी वाचनालयाच्या लेटरहेडवर ग्रंथपालांना अर्ज करा. अंकाचं नाव, तारीख आणि 'प्रदर्शनासाठी स्कॅन हवा' एवढंच लिहा. तोंडी विचारलं की काउंटरवरून काउंटरवर फिरवतात, कागद आला की कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. जाल तेव्हा येणाऱ्या कार्यक्रमांचंही विचारून घ्या. १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, या दिवसांच्या आसपास बऱ्याच ठिकाणी प्रदर्शनं असतात.

प्रतिसाद – औंधची वाट
वरचं बरोबर आहे, पण तुम्ही शोधताय कोणत्या शब्दानं? 'सांगली जिल्हा' टाकत असाल तर हाती काही लागायचं नाही. तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. १९४९ ला दक्षिण सातारा झाला, सांगली हे नाव १९६० चं. त्यात प्रतिसरकारचं केंद्र असलेलं कुंडल होतं औंध संस्थानात. म्हणजे 'सातारा' टाकूनही अर्धंच मिळेल, 'औंध संस्थान' वेगळं टाका.

शिवाय प्रतिसरकार, प्रति सरकार, पत्रीसरकार, तिन्ही करून बघा. रोमन अक्षरांतही. नोंद करणाऱ्यानं काय टाइप केलंय देव जाणे.

गावांच्या माहितीसाठी १८८५ चं सातारा गॅझेटिअर, खंड १९, इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहे.

प्रतिसाद – कसर
छापण्याचं राहिलंच. १८८५ चं गॅझेटिअर खुशाल लावा. बाकी लेखक वारल्यावर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणून प्रबंधाची पानंच्या पानं लावू नका. चार ओळी घ्या, खाली संशोधकाचं नाव आणि विद्यापीठ लिहा.

धागाकर्ती
दोघांचे आभार. मी आठ दिवस 'सांगली' टाकून बसले होते! काल 'औंध संस्थान' टाकलं आणि एक प्रबंध मिळाला. पाचवं प्रकरण उतरतंय, आमच्या नेटनं ६२ टक्क्यांवर दम टाकलाय. अर्ज उद्या घेऊन जाते.

जाता जाता : पलूस किंवा किर्लोस्करवाडीत ए-थ्री रंगीत प्रिंट कोण काढून देतं? विट्याला जावं लागू नये एवढीच इच्छा.